खोट

तांबट आळीत पोर रडतं
तेही दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत.
सकाळी सातला सगळी गल्ली एकदम मठारायला बसायची.
ताल मी शिकलो नाही,
तो कानात गेला, तांब्याच्या किसासारखा.

भाऊ, म्हणजे माझे वडील, हंडा पुरा झाला की उलटा धरायचे,
नखाने एकदा वाजवायचे, डोळे मिटायचे.
"बोलतोय," म्हणायचे. नाहीतर, "खोट आहे."
तिसरं मत त्यांच्याकडे नव्हतं,
हंड्याबद्दल नाही, माणसाबद्दल नाही.

भद्रकालीत रज्जाकमास्तरांच्या बँडची खोली.
खुंटीला लाल कोट, खांद्यांना सोनेरी झालर,
पत्र्याच्या पेटीत काळं क्लॅरिनेट,
एक चावी सुतळीने बांधलेली.
मी चौदाचा. सहा महिने नुसती फूं.
मास्तर म्हणाले, "ओठ मऊ, दात घट्ट, पोट रिकामं.
शेवटचं तुला शिकवावं लागणार नाही."
भाऊ म्हणाले, "फुंकर भट्टीला मारायची असते."
आणि पुढची नऊ वर्षं त्यावर बोलले नाहीत.

नऊ वर्षांत किती नवरे मी मांडवापर्यंत पोचवले, देव जाणे.
नोटांच्या छापखान्यातल्या लोकांच्या वराती हिशेबी,
पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांच्या उधळ्या.
आमची पंगत दोन्हीकडे शेवटची,
मठ्ठा संपल्यावरची.

एकदा रविवार कारंजावर वरात अडली.
गर्दीच्या कडेला सायकल,
कॅरियरला बांधलेला नवा बंब,
आणि हँडल धरून भाऊ.
मी पिलू वाजवत होतो, डोळे मिटून, थोडं दाखवून.
ते शेवटपर्यंत थांबले. मग निघून गेले.
रात्री ताटावर म्हणाले,
"तिसऱ्या ओळीत खोट आहे."

ती ओळ मी घासली.
टाळकुटेश्वराच्या पुलाखाली, पहाटे,
बोटं निळी पडेपर्यंत.
श्वास बदलला, पत्ती बदलली,
चिडून एकदा रागच बदलला.
खोट तिथेच.

मग एका सोमवारी पेटी उघडली तर सुतळी नाही.
चावीला पितळेचा डाक,
मोहरीएवढा, घासून गुळगुळीत केलेला.
वाजवलं. तिसरी ओळ सरळ गेली.
ओट्यावर भाऊ परात मठारत होते,
ठोका चुकला नाही, मान वर झाली नाही.
मीही काही बोललो नाही.
गाण्याबद्दल आमचं एवढंच बोलणं झालं
जन्मभरात.

पुढे रेडिओची परीक्षा दिली, नापास झालो.
"तुमच्या सुराला वरातीचा वास येतो," म्हणाले एक गृहस्थ.
खरं होतं.
मला आवडायचा तो वास:
झेंडू, रॉकेल, घामेजलेला घोडा.

गॅसबत्त्या गेल्या. मास्तर गेले.
ट्रकवर भिंतीएवढे भोंगे आले.
विमलने कोटाची झालर उसवून
नातवाचं टोपरं शिवलं.
समोरचे दोन दात दिंडोरीच्या वरातीत गेले,
मी धून पुरी केली, मग खाली वाकून शोधले.
बाकीचे रांगेने गेले.
कवळी लावून फुंकलं तर सूर येतो,
पण दुसऱ्या कुणाचा तरी.

आळीत आता दोनच हातोड्या.
शनिवारी सातपूरहून एक मुलगी येते, उर्मिला गांगुर्डे,
बाप कंपनीत फिटर.
क्लॅरिनेट मी तिलाच दिलंय,
भाऊंच्या डाकासकट.
वाजवते चांगलं. घाई करते.

परवा तिच्या दुसऱ्या ओळीत मला खोट ऐकू आली, स्वच्छ.
तोंडावर आलेलं गिळलं.
वाद्य मागून घेतलं, खिडकीशी नेलं,
चाव्या एकेक दाबून पाहिल्या, गाद्या पाहिल्या, डाक पाहिला.
काहीच नाही.
तिचं बोटही जागच्या जागी.
मग राहिलो मी,
आणि माझा डावा कान,
ज्यात दिवाळीपासून एक बारीक शिट्टी वाजते
आणि डॉक्टर म्हणतात, वयच झालं.

"पुन्हा वाजव," म्हटलं,
आणि उजवा कान तिच्याकडे केला.