चार पाय जमिनीवर

पिंपळगावच्या बाजारात द्राक्षांच्या क्रेटमध्ये सापडला,
म्हणून नाव बेदाणा.
आता सात महिन्यांचा आहे
आणि बेदाण्यासारखं त्याच्यात काही उरलेलं नाही.
गॅसवाला पगारे फाटकातूनच ओरडतो,
"काका, धरा त्याला!"
तोवर याचे पुढचे पंजे पगारेच्या खिशाशी,
जीभ हनुवटीशी,
आणि सिलिंडर घरंगळत शेजारच्या स्कूटरपर्यंत.

चावत नाही हो, मी म्हणतो.
पण ज्याच्या पांढऱ्या शर्टावर चिखलाचे दोन पंजे उठलेत
त्याला हे सांगून काय उपयोग.

मी एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात होतो,
इथेच, नाशिकरोडला.
पाळी सुटली की रांग. हात वर.
बगल, कंबर, पोटऱ्या, मोजेसुद्धा.
अनोळखी तळहात अंगावरून फिरायचे
आणि म्हणायचे, जा.
बेदाणा झेपावतो तेव्हा माझे हात
अजून आपोआप वर जातात.
कुंदा हसते. म्हणते, सापडलं का त्याला काही?

देवळाली कॅम्पातल्या मेहरूबाईंनी
आयुष्यात चौदा कुत्री पाळली. त्या म्हणाल्या,
"दिकरा, ढकलू नको, त्याला खेळ वाटते.
ओरडू पण नको, त्याला त्या गप्पाच वाटते.
पाठ फिरव. झाड हो.
चार पाय जमिनीवर आले, की मग प्रेम.
आधी नाय."

मी झाड झालो.
जेलरोडच्या आमच्या वीतभर अंगणात,
खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे घेऊन.
माझ्यापुरता तो तीन दिवसांत शहाणा झाला.
पण मी अनोळखी कुठे?

कुंदा म्हणाली, अख्ख्या शहरात
तुम्हाला एक अनोळखी माणूस मिळेना?
मिळतात गं, पण उसने मिळत नाहीत.
कुरिअरच्या पोराला घाई.
मीटर वाचणारी मुलगी दोनदा आली, दोनदा झाड झाली,
तिसऱ्यांदा बाहेरूनच अंदाजे आकडा टाकून गेली.

शेवटी बागूल.
तो गेटवर तपासणीला असायचा.
हजारो वेळा चाचपलं असेल त्यानं मला,
नाव कधी विचारलं नाही.
बिटको चौकात औषधांच्या दुकानात दिसला.
म्हटलं, एक काम आहे.
रोज पाच वाजता माझ्या फाटकातून आत यायचं
आणि काहीच करायचं नाही.
"पगार?"
चहा.

पहिल्या दिवशी बेदाण्यानं त्याची टोपी नेली.
पाठ फिरवणं बागूलला शिकवावं लागलं नाही.
दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच.
बाराव्या दिवशी बशीत चहा ओतताना म्हणाला,
"गेटवर मी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो.
बघितलं की ओळख होते.
मग खिशात हात घालवत नाही."
मी त्याला बिस्किट दिलं. दुसरं काय देणार.

सतराव्या दिवशी फाटक वाजलं.
बेदाणा सुटला, आणि अर्ध्या वाटेत
काहीतरी आठवल्यासारखा बसला.
बसला म्हणजे काय, शेपटीनं अंगण झाडत,
कातडीच्या आतल्या आत उड्या मारत,
पण चार पाय जमिनीवर.

बागूल उभाच.
"आता प्रेम," मी कुजबुजलो.
त्याला हे खातं नवीन.
फाटकाचा खांब धरून, गुडघे वाजवत तो वाकला,
आणि हातांना जे येत होतं तेच त्यांनी केलं:
बगल, बरगड्या, पोट,
एकेक तंगडी वरून खाली,
नीट, कसली घाई न करता.
या वेळी मात्र तो तोंडाकडे बघत होता.
मग म्हणाला,
"काही नाही. जा."

जा म्हटल्यावर बेदाणा गेला,
सरळ बागूलच्या छातीवर.

चष्मा कर्दळीत सापडला.
एक दांडी वाकली आहे.
उद्या पाचला पुन्हा.