उजवी बाजू

वाडी नाक्याच्या पुढे, टायरवाल्यांच्या रांगेत आमचं शेड.
मे महिना. पाना उन्हात राहिला
तर उचलायला ओलं फडकं लागतं.

घाटोळे सर अकराला आले. घामाघूम, पण वैतागलेले नाहीत.
"उजव्या आरशातला दिवा विझूनच नाही राहिला, पोरी.
चार महिने झाले. बाजूनं कोणीतरी आहे म्हणते."
मग?
"मग काय. असल कोणी. मी तिकडे गेलोच नाही."

मनीषनगरहून वाडीपर्यंत
डावं घेत, पुन्हा डावं घेत,
बँक, दवाखाना, साळ्याकडचं बारसं, सगळं डावीकडून.
असा माणूस फिरून तिथंच येतो, हे मला ठाऊक होतं,
पण इतक्या निष्ठेनं कोणी करून पाहिलं नव्हतं.
"त्यात काय," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं राहून
खामल्यातलं ते चिंचेचं झाड आत्ता दिसलं मले."

टिकूनं बॅटरीची तार सोडली.
मी मागच्या लाइटचे दोन स्क्रू काढले,
चाकाच्या कमानीतला एक, मग क्लिपा.
बंपर सुटताना असा आवाज करतो
की गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं.
सरांनीही मिटले.

आत, कोपऱ्यात, सेन्सर.
साबणाच्या वडीएवढा, तडकलेला,
प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या.
आणि त्याच्या तोंडावरच
कुंभारणीचं घर.
बोटाच्या पेरांएवढ्या चार कोठड्या मातीच्या,
तीन रिकाम्या, एक लिंपलेली.

सर वाकले. गुडघे वाजले त्यांचे.
बराच वेळ पाहून म्हणाले,
"पाह्यलं? होतंच की कोणीतरी."

मी काही बोलले नाही.
बारा वर्षं झाली, यंत्राला खोटं ठरवायचे पैसे घेते मी.

नवा बसवला. तीन स्क्रू. प्लगचा टक्.
कोन मोजला, लॅपटॉप जोडून
गाडीला त्याची ओळख करून दिली.
टिकूला म्हटलं, चाल बाजूनं.
टिकू चालला, दिवा लागला.
टिकू मागे सरला, विझला.
सरांनी त्याला सात वेळा चालवलं, त्या उन्हात,
आणि प्रत्येक वेळी विझल्यावर
थोडे गप्प झाले.

बिल नीट घडी करून खिशात.
फाटकाशी गाडी थांबली, उजवा इंडिकेटर टिकटिकत.
आरसा काळा. रस्ता मोकळा.
तरी त्यांनी अख्खी मान वळवून पाहिलं.
मग इंडिकेटर बंद केला
आणि डावीकडे गेले.

घर मी फोडलं नाही.
ग्रीसच्या डब्याशेजारी, फळीवर,
जुन्या सेन्सरला टेकवून ठेवलं.
नवव्या दिवशी लिंपणाला भोक. गोल, स्वच्छ,
जसं ड्रिलनं पाडावं.

कोणत्या बाजूनं गेली, कोणी पाहिलं नाही.
टिकू चहा आणायला गेला होता.
मी तिथंच होते,
हातभर अंतरावर, पाठमोरी.