सहा तुकडे किमान

टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली.
इथे ते सगळ्यांना मान्य आहे, पाकिटाला कुणी हात लावत नाही.
त्याच्या भरवशावर मी रांगेत येऊन उभा,
कमरेला पान्ह्यांचा पट्टा, नखांत ग्रीस.
सकाळपासून तीन इमारतींच्या लिफ्ट उघडून झाल्या,
चौथी सातव्या मजल्यावर अडकून माझी वाट बघतेय.
बघू दे.

लाऊ आंटींच्या काचेमागे सगळं मांडलेलं:
मासळीचं सारण पोटात घेतलेली कारली, भेंडी, वांग्याच्या फोडी,
टोफूचे चौकोन, सोयाच्या सायीच्या तळलेल्या गुंडाळ्या,
आणि माशांचे गोळे, पांढरे, एकमेकांना टेकून बसलेले.
चिमट्याने उचला, वाडग्यात टाका.
सहा तुकडे किमान;
पुढे तुमची भूक आणि तुमचा खिसा.

इतकी वर्षं बाकीचं तोंडाने सांगायचो.
सोमवारपासून काउंटरवर एक पडदा उभा आहे.
तो विचारतो:
सूप, कोरडं, की नारळाच्या दुधातला लाक्सा?
नूडल्स जाड, बारीक, पिवळ्या, तांदळाच्या, की नकोतच?
तिखट वर की बाजूला? लाल गोड सॉस?
तळलेला कांदा चालेल?
नक्की?

बटणं हा माझा धंदा.
माणसं एकच बटण दोनदा का दाबतात मला ठाऊक आहे.
पहिल्यांदा काम सांगायला,
दुसऱ्यांदा, कुणी ऐकलं का ते बघायला.

माझ्या पुढचे अंकल सातव्यांदा दाबतायत.
पडद्याला चार भाषा येतात,
शेवटची माझी तमिळ. तिच्यात ‘कोरडं’साठी जो शब्द घातलाय
तो माझी आई दांडीवरच्या कपड्यांना लावते.
अंकल चिनी ओळी बोट फिरवून वाचतात,
वरून खाली, खालून वर,
वाचता येतंय सगळं,
हवंय ते मात्र कुठे लिहिलेलंच नाही.
मग ते पुन्हा सुरुवातीला जातात,
पडदा पुन्हा त्यांचं स्वागत करतो.

मागे कुणीतरी जीभ चुकचुकवली.
लिफ्टची कंपनी खिशात थरथरली.

आणि लाऊ आंटी झारा हातात तसाच धरून
पडद्याच्या बाजूने मान बाहेर काढतात,
“आ-सुआन!”
पुढचं सगळं तिओच्यूत,
मला त्यातलं अक्षर कळत नाही,
पण ती बोली ऐकताना अंकलचे खांदे
दोन मजले खाली आले, एवढं दिसलं.
त्यांनी दोन बोटं कात्रीसारखी चालवली,
कच्, कच्, कच्,
मग ओठ फाकवून रांगेकडे वळले
आणि नव्याकोऱ्या दातांवर नख वाजवून दाखवलं.
आधी ती शाळेच्या गणवेशातली मुलगी हसली,
मग चुकचुकवणाराही.

आंटींनी भिंतीवरची कात्री काढली.
उकळत्या भांड्यावर नूडल्सचं गाठोडं धरून
कच्, कच्,
माशाच्या गोळ्याचे चार भाग,
कारल्याचे तीन,
दोन डॉलर मागे ढकलले, एक ठेवला.

माझी पाळी. सूप. बारीक. तिखट बाजूला.
पडद्याने आभार मानले, नंबर दिला,
तो दहा मिनिटांनी हातात भुणभुणला.

पाकीट जागेवर होतं. समोर अंकल येऊन बसले,
चमच्याने, घाई न करता,
प्रत्येक घासाला नव्या दातांची ओळख करून देत.
मी चॉपस्टिक्सने नूडल्स उचलायला गेलो
तर वर आल्या बोटभर लांबीच्या,
आणि सटकून परत सुपात.
ढवळून पाहिलं. सगळ्या तशाच.
गोळ्याचेही चार भाग.
आंटींच्या हाताने एक वाडगा जास्त कापला होता.

परत नेऊन दाखवावं का?
रांग खांबापर्यंत गेलेली.
फोन पुन्हा थरथरला, मी तो उलटा घातला,
चॉपस्टिक्स आडव्या ठेवल्या
आणि अंकलकडून चमचा मागितला.
त्यांच्याकडे दोन होते.