नऊ नंबरच्या मशीनवरची वही

शनिवारी याकिमात सगळ्या गावाचे कपडे एकदम मळतात.
मी काउंटरमागे बसून नोटांचे सुट्टे देते,
भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज
मालकानं सांगितलाय तेवढाच ठेवते.

टीव्हीत सोनेरी केसांची नायिका
आमच्याच भाषेत रडत असते,
आणि तिला रुमाल आणून देणारी मोलकरीण
थेट माझ्या मावशीसारखी.
रुमाल दिला की तिचं काम संपतं.

सित्लाली येते आईबरोबर.
आईच्या बोटांना अजून सफरचंदांवरचं मेण.
पोरगी पंधराची. ड्रायरला पाठ टेकून
फोनमध्ये स्वतःला उजळत बसते:
नाक जरा चिमटीत धरल्यासारखं,
रंग दोन पाण्यांतून काढल्यासारखा.
"हे बघ," म्हणत धाकट्या ऊरिएलपुढे धरला फोन.
त्यानं नीट पाहिलं. मग विचारलं,
"ही कोण?"

ती हसली. म्हणजे दात दाखवले.

रात्री बंद करताना नऊ नंबरच्या मशीनवर वही सापडली.
गणिताची. मागून उघडली तर हिशोब वेगळाच:

पोलिसांची मालिका. पोरगा, कोवळी मिशी.
संवाद एक. तिसऱ्या मिनिटाला मेला.
शाम्पूची जाहिरात. कोणी नाही.
डॉक्टरांची मालिका. फरशी पुसणारी.
संवाद नाही. फरशी छान.

अशी अकरा पानं.

दुसऱ्याची वही वाचू नये. वाचली.
सोळाव्या वर्षी मिचोआकानात, गच्चीवर,
मी केसांना लिंबू चोळून दुपारभर उन्हात बसले होते.
केस होते तसेच राहिले, कपाळ तेवढं सोललं.
आई एवढंच म्हणाली,
लिंबं महागलीत.

शेवटच्या पानावर शाई बदललेली:

लॉन्ड्री. सुट्टे देणारी बाई.
रंग माझ्यासारखा. नाकसुद्धा.
संवाद तीन. "चार नंबर बिघडलंय."
"पावडर संपली."
"जॅकेट घाल गं, बाहेर बर्फ आहे."
अजून जिवंत.

दिवे मालवले. मग एक परत लावला.
मशीनच्या गोल काचेत,
चष्मा कपाळावर सारून,
बराच वेळ बघत राहिले.

पुढच्या शनिवारी वही द्यायची आहे तिची.
काय बोलायचं, ते नाणी मोजता मोजता
मनात घोळवतेय.
चौथा संवाद आहे माझा,
उगाच "पावडर संपली" म्हणून बसायचे.