कानातला खडा

किल्ली मीच परत दिली तिला.
सहा वर्षं माझ्या खणात होती,
फॉर्मॅलिनच्या बाटलीमागे, निळ्या दोऱ्यात ओवलेली.
"खोली तीच आहे, प्रोफेसर बायडेन," मी म्हणालो,
"फक्त खिडकी आता बंद होत नाही."
जिभेवर 'डीन' आलं होतं, मध्येच गिळलं.
तिनं ते ऐकलं. हसली नाही.

टेकडीवरच्या त्या इमारतीत एसी होता, गालिचा होता,
आणि येणाऱ्याला बसवून ठेवणारा क्वेसी होता.
इथून वर पाहिलं की तिचा दिवा दिसायचा,
आठ वाजता, नऊ वाजता,
आणि आम्ही खाली मासे चिरता चिरता म्हणायचो,
बाई गेली हातची.

मंगळवारी आमच्या किनाऱ्यावरून होडी निघत नाही.
समुद्राचा वार तो, त्याच्या विसाव्याचा.
तिच्या बैठका मंगळवारीच असत.
अशाच एका मंगळवारी
प्रयोगशाळेतल्या अकरा जागांच्या सात झाल्या.
टाक्या धुणारा, जाळी शिवणारा एसुमान त्यात गेला.
पत्रावर सही तिची. अक्षर सुरेख,
पूर्वी बरण्यांच्या चिठ्ठ्यांवर असायचं तसंच.

पहिल्या आठवड्यात ती जेवायला खाली आली.
केंकीचा गोळा, तळलेला मासा, काळी मिरचीची चटणी.
बाकावर जागा झाली, जरा जास्तच झाली.
पोरं पगाराचं बोलत होती,
ती बसताच हवेचं बोलू लागली:
हरमॅटनची धूळ यंदा लवकर आली, नाही?
तिनं मान डोलावली. बैठकीतली मान.
कुणी काही सांगितलं की म्हणायची, "नोंद घेते,"
आणि स्वतःच ओशाळायची.

दुसऱ्या आठवड्यात मायक्रोस्कोपचा दिवा गेला.
तिनं अर्ज केला. चार दिवसांनी परत आला:
कलम नऊ, उपकलम दोन,
तीन दुकानांची दरपत्रकं जोडावीत.
सोबत मूळ परिपत्रकाची झेरॉक्स,
तळाशी तिचीच सही.
आपलेच दात, आपलेच ओठ.
ती इतकी हसली की डोळे पुसायला
माझा एप्रन ओढला, माशाचा वास मारणारा.
मग बाजारात जाऊन, पदरमोड करून
मोटारसायकलचा बल्ब आणला आम्ही
आणि तारेनं बांधला.

संध्याकाळी तिनं खाडीतला एक मासा घेतला,
डोक्यामागे चिमटा घातला, जवळजवळ न बघता,
आणि कानातला खडा बाहेर काढला.
तांदळाच्या कणीएवढा.
काचेवर घासला, तेलाचा थेंब सोडला,
म्हणाली, मोज.
वलयं होती. रुंद, रुंद, मग एक अगदी बारीक.
"इथे याला खायला मिळालं नाही," ती म्हणाली,
"तरी वाढलाय. केसभर."

मी विचारून टाकलं, त्या सहा वर्षांची कशी दिसतील?

भिंगावरून तिनं डोळा काढला नाही.
"वरून मला एसुमान दिसायचा नाही. अकरा दिसायचे.
चौदापैकी चौदा जाणार होते, आधीच्या कागदावर
हा विभागच नव्हता. ते इथून
तुला दिसलं नाही."
याला माझ्याकडे उत्तर होतं.
दिलं नाही. किंवा नव्हतंच,
आता नक्की सांगता येत नाही.

पुढच्या मंगळवारी तिची खोली बंद.
होड्या वाळूत ओढलेल्या असतात त्या दिवशी,
एसुमान त्यांच्या सावलीत परक्यांची जाळी शिवतो.
ती तिथे गेली होती, हे मला क्वेसीनं सांगितलं,
ज्याला आता बसवून ठेवायला दुसरे लोक आहेत.

काय बोलणं झालं, ठाऊक नाही.
दुपारी आली, तेव्हा तर्जनीवर
नायलॉनच्या दोऱ्याचे लाल वळ होते.
म्हणजे त्यानं तिला नुसतं बसवलं नव्हतं,
कामाला लावलं होतं.
मी काही विचारलं नाही.
तिनं बाही वर केली,
आणि टाकीचं दुसरं टोक धरलं.