सुपारीचा पाय

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या रविवारी
उपवन तळ्याच्या कडेला, गटाराच्या जाळीत
सुपारीचा पुढचा डावा पाय गेला.
पाठीवरचं पोर उतरलं, हातातल्या कुल्फीसकट, धड.
ती तीन पायांवर उभी राहिली.
चौथा असा अधांतरी धरलेला,
जणू कुणी घटकाभर सांभाळायला दिलाय.

येऊरचा चढ त्या रात्री ती टेम्पोतून चढली.
भाडं साडेसातशे.
जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पाठीवर बसली
आणि सगळी वाट मागे तोंड करून बघत राहिली,
फिटलेलं कुणाचं काय नि आपलं काय, ते.

डॉक्टरबाईंनी गुडघ्याखाली बोटं फिरवली,
पेटीच्या पट्ट्यांवरून फिरवावीत तशी.
एका जागी सूर लागला. सुपारीनं मान झटकली.
"हाड शाबूत आहे. शीर ताणलीय.
तीन महिने पाठीवर माशी बसू द्यायची नाही."
माश्यांना हे कोण सांगणार?

भिवंडीहून दलाल आला, गफूर.
दात बघितले. पायाकडे ढुंकून नाही.
"वीटभट्टीवर चालेल तेवढी चालेल," म्हणाला,
आणि एक आकडा बोलला.
आकडा वाईट नव्हता.
लखमा, माझा नवरा, जमिनीकडे बघायला लागला.
मी चहा टाकला नाही.
गफूर समजूतदार माणूस, पाणी पिऊन गेला.

मग लखमा घोडबंदरला रात्रपाळीला लागला,
शिट्टी बिल्डरची, स्वेटर माझ्या भावाचा.
आणि मी रोज वर्तकनगरच्या बाजारात,
धर्मीबाईचा टोपला रिकामा व्हायची वाट बघत.
उरलेला बर्फ ती फुकट द्यायची,
"सांग तुझ्या घोडीला, पापलेटाखालचा हाय."
खेचर आहे, मी म्हणायची.
"तेच ते."

पोत्यात बर्फ, पोतं पायाला, वर जुन्या साडीची पट्टी.
दिवसातून तीनदा.
पाड्यातल्या मांजरी रांगेनं येऊन बसायच्या.
सुपारीच्या पायाला बोंबलाचा वास,
आणि सुपारीच्या चेहऱ्यावर
सासरी आलेल्या नव्या नवरीचं अवघडलेपण.

एकदा कुंदा शाळेतून आली, दप्तर न टाकताच म्हणाली,
"आई, खेचर म्हणजे आकाशात फिरणारं. कोशात आहे.
ख म्हणजे आकाश."
मी बघितलं.
आकाशात फिरणारं लीद टाकत होतं.
तरी त्या दिवसापासून कुंदा तिच्यासमोर
जरा जपून बोलायची.

माघात चालायला सुरुवात. जांभळीपासून नळापर्यंत,
जाऊन-येऊन चव्वेचाळीस पावलं.
लंगड पावलांत ऐकू यायची, डोळ्यांना दिसायच्या आधी:
टक टक टक, आणि एक गिळलेला टक.
मी रात्री अंथरुणातही मोजायची.
एके सकाळी मोजताना चुकले,
परत मोजले,
चारही सारखे वाजत होते.
लखमा ड्युटीवरून येऊन झोपला होता. उठवला नाही त्याला.
गूळ होता थोडा, तिला दिला. मीही खाल्ला.

होळीनंतरच्या रविवारी खाली उतरलो.
नवं नाल, जुनंच खोगीर, गोंड्यांना नवी लोकर.
पहिली बसली ती एक मुलगी,
तिला खरं तर शेजारचा पांढरा घोडा हवा होता,
पण तिथे रांग होती.
फुगलेल्या गालांनी बसली. वजन असेल सतरा किलो.
मी लगाम धरला, आणि माझाच पाय थरथरला.

जाळी बदलली होती म्हणे महापालिकेनं. लोखंड कोरं, काळं.
माणसांना कळतं असलं.
सुपारी चार हात आधी थांबली.
हुंगलं. कान मागे गेले, पुढे आले.
मी ओढलं नाही.
ती आपणहून वळली,
शेंगदाणेवाल्याच्या गाडीमागून, कण्हेरीच्या कुंपणाला घासून,
आणि पुन्हा रस्त्यावर आली
जणू वाट पहिल्यापासून तीच होती.

तेव्हापासून आमची फेरी बारा पावलं लांब आहे.
पैसे तेवढेच.
शेंगदाणेवाला कुरकुरतो, मग एखादा दाणा तिला टाकतो.

मांजरी अजून येतात संध्याकाळी, दारात.
सुपारीचा डावा पाय हुंगतात,
एकमेकींकडे बघतात,
आणि फसवल्यासारख्या निघून जातात.