ठेवतो कुठे

सुजलच्या मोबाइलमधल्या माणसाला हात दोन.
बंदुका मी मोजल्या, तेरा.
शिवाय एक कुऱ्हाड, दोन रॉकेट लाँचर,
बॉम्ब किती ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.
पाठ मात्र कोरी.
इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला निघाल्यासारखा धावतो,
भिंतीवर चढतो, खाडीत उडी मारतो,
वर येतो तेव्हा दारूगोळा कोरडा.

मी विचारलं, ठेवतो कुठे रे हा सगळं?
सुजल म्हणाला, मावशी, ठेवायचं नसतं. असतं.

माझंही पोट शस्त्रांवरच आहे.
चिंचपोकळीला पुलाजवळ धुरी मेस्त्रींचा कारखाना,
तिथे बावीस वर्षं मी देवीची आयुधं करते.
पत्रा, पुठ्ठा, खळ, सोनेरी कागद.
परशू, गदा, बाण, वज्र, पाश,
दर हाताला एक. जास्त नाही.
मेस्त्रींचं म्हणणं, आयुध वाढवायचं तर आधी हात वाढवा,
हात वाढवायचा तर खांद्यातून सळई काढा,
सळई काढायची तर कण्याला विचारून या.
एका मंडळाने एकदा हट्टाने
खरा पितळी त्रिशूळ आणून दिला.
रात्री अडीचला देवीचा अकरावा हात गळून पडला.
आम्ही चहा पीत होतो.
कुणी काही बोललं नाही.
मेस्त्रींनी हात उचलला
आणि आधी त्याची बोटं मोजली.

हे ऐकून सुजल म्हणाला,
तुमचा गेम हार्ड मोडवर आहे.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी
मूर्ती टेम्पोतून शिवडीला गेली आणि आयुधं राहिली मागे.
टॅक्सीवाल्याने त्रिशूळ पाहिला, मान हलवली, गेला.
दुसरा तर थांबलाच नाही.
मी सुजलला म्हटलं, चल, तुला सवय आहे.

तलवार काखेत. धनुष्य गळ्यात.
गदा पायांत यायला लागली
म्हणून माझ्या ओढणीने पाठीला बांधली.
चक्र कोपरात, ढाल डोक्यावर, त्रिशूळ उभा.
कमळ कुठे धरायचं ते काही केल्या जमेना,
शेवटी दातांत धरलं.
उरलेलं माझ्याकडे, पिशवीत.
काळाचौकी येईपर्यंत तो खेकड्यासारखा तिरका चालत होता
आणि प्रत्येक खांबाशी त्याचं वेगळं भांडण.

नाकाबंदीवर हवालदाराने विचारलं, काय आहे?
सुजलच्या तोंडात कमळ.
मी म्हटलं, शस्त्रं.
त्याने तलवारीला टिचकी मारली. टप् वाजलं.
मग पिशवीत डोकावून म्हणाला, ही घंटा?
घंटा पण आहे साहेब, कमंडलू आहे, जपमाळ आहे,
सगळ्याच हातांना मारामारीचं काम नसतं.
तो बाजूला झाला.
चपला काढायच्या असाव्यात तसं
पायांकडे एकदा बघितलं त्याने, पण पायात बूट होते.

रात्री सुजलच्या अंगठ्याला पत्रा लागलेला दिसला.
मी हळद भरली. ओरडला नाही.
मान मात्र एका बाजूला धरून बसला होता,
तशाच मानेने मोबाइल घेतला.

माणूस तोच. पाठ कोरी.
बटण दाबलं, बंदूक गेली, कुऱ्हाड आली.
दाबलं, कुऱ्हाड गेली.
मग त्याने पळायचं सोडून
त्या माणसाला जागच्या जागी गोल फिरवलं,
खांदे बघितले, कंबर, पोटऱ्या,
पुन्हा पाठ.
मागून शत्रू येत होते, मलासुद्धा दिसत होते.

मावशी, तो म्हणाला, आत्ता होती ना हातात?

एवढ्यात गोळी लागली.
माणूस आडवा झाला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
जमिनीवर काहीच पडलं नव्हतं.